परत मागवायचं बटण

आमच्या ई-पुस्तकांच्या दुकानात पुस्तक परत करायचं बटण होतं. दुसऱ्या कुठल्या ई-पुस्तकांच्या दुकानात असं काही असेल असं मला वाटत नाही, आणि नसावंच. पण आमचे मालक, ज्यांना मी आणि सगळी गल्ली काका म्हणायची, त्यांनी आधी अर्धं आयुष्य औरंगपुऱ्यात भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय चालवलं होतं. बाहेर गेलेलं पुस्तक कधीतरी परत यायचंच, ही गोष्ट त्यांच्या अंगात भिनली होती. वाचनालय चालेनासं झालं तेव्हा त्यांनी रॅक विकून टाकले, त्याच खोलीत दोन कम्प्युटर मांडले आणि मराठी ई-पुस्तकं विकायला घेतली. धंदा बदलला, माणूस काही बदलला नाही.

गिऱ्हाइकाला ते सभासद म्हणायचे. कुणी पुस्तक विकत घेतलं की पंधरवड्यानं स्वतः फोन करून विचारायचे, वाचून झालं का. एका प्राध्यापकांनी वैतागून सांगितलं की पुस्तक मी विकत घेतलंय, वाचीन नाहीतर नाही वाचणार. त्यावर काका शांतपणे म्हणाले, तसं कसं, मागं रांग असते. ई-पुस्तकाला कसली आलीय रांग, हे मी त्यांना समजावून थकले होते. मी मुळात तापट. त्यात समोरचा माणूस हो हो म्हणून पुन्हा आपलंच खरं करणारा असला की माझा पारा आणखी चढतो. रोज संध्याकाळी घरी जाताना मी ठरवायची, उद्या नोकरी सोडायची. आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची, कारण पुस्तकावर इतका जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

माझं काम म्हणजे आलेली पुस्तकं तपासायची आणि फोन घ्यायचे. कम्प्युटरचं सगळं भाईंकडं होतं. भाई आधी शहागंजाच्या बाजूला छापखान्यात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचे, मराठीतला आणि उर्दूतलाही, आणि दोन्ही भाषांत मुहूर्ताची वेळ चुकवली नाही याचा त्यांना अभिमान होता. काकांनी हट्ट धरला म्हणून त्यांनीच ते बटण बसवून दिलं. एक नाही, दोन. वाचकाकडं 'परत करा', आणि काकांच्या कम्प्युटरवर 'परत मागवा'. पहिलं बटण लोक चुकून दाबायचे, पुस्तक गायब व्हायचं आणि मला शिव्या खाव्या लागायच्या. दुसरं कधी कुणी दाबलं नव्हतं.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल हे कुणालाच सांगता यायचं नाही. शेजारणीचा फोन आला की काका मला भरल्या कामातून उठवून घरी पिटाळायचे. प्रूफ उद्या वाचता येतं, पाणी उद्या येत नाही, असं म्हणायचे. शहर मात्र वाढतच चाललं होतं. पैठण रस्त्यानं निघालं की बिडकीनपर्यंत शेतांमध्ये चुन्याच्या रेघा आणि प्लॉटच्या पाट्या दिसायच्या. प्यायला पाणी नाही आणि प्लॉटला गिऱ्हाईक आहे, याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

अशा दिवसांत आमच्याकडं एक पुस्तक आलं. लिहिणारा माणूस बिडकीनच्या पलीकडच्या एका गावचा, गावाबाहेरच्या वस्तीत वाढलेला, नोकरीनिमित्त दूर गेलेला. त्यानं बहात्तरच्या दुष्काळातलं आपलं लहानपण लिहिलं होतं. खडी फोडायच्या कामावर गेलेली आई, तिथं खायला मिळणारी सुकडी, पाण्यासाठीची वणवण. छापील पुस्तकवाल्यांनी त्याला परत पाठवलं होतं. मी ते तपासायला घेतलं आणि दुपारचा डबा खायचं विसरले. पाणी नसलेल्या शहरात लोकांनी ते हातोहात घेतलं. आमच्या इवल्याशा दुकानाच्या मानानं तर ते फारच गाजलं.

त्यात एक प्रकरण विहिरीचं होतं. गावच्या पाटलांनी त्या उन्हाळ्यात आपल्या विहिरीच्या फाटकाला कुलूप घातलं आणि वस्तीतल्या लोकांचं पाणी तोडलं, असं त्यानं लिहिलं होतं. पाटलांचं नाव उघड, आडनावासकट.

थोड्याच दिवसांत पाटलांचा मुलगा दुकानात आला. तो आता गावाकडं प्लॉटिंगचा धंदा करत होता. आला तो आरडाओरडा करत नाही आला. पायातल्या चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसला, पाणी मागून अर्धाच पेला प्यायला आणि उरलेलं परत दिलं. त्या उन्हाळ्यात सगळेच तसं वागत. मग काकांना म्हणाला, "बहात्तरला पाणी होतं काका, धान्य नव्हतं. शेंबडं पोरगंबी सांगंल. मग माझा बाप इहिरीला कुलूप कशापायी घालंल?" माझ्याही आजोबांनी मला हेच सांगितलेलं होतं. वडील गेलेत, ते काही उत्तर द्यायला येणार नाहीत, तेव्हा हे पुस्तक विकणं बंद करा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. उठता उठता मात्र तो म्हणाला की गावाकडची पोरं तापलीत आणि त्यांना तो किती दिवस धरून ठेवणार.

काका घाबरले. मीही घाबरले, भाईंनी तर खिडकीजवळचा कम्प्युटर उचलून आत ठेवला. त्या संध्याकाळी काकांनी पुस्तकाची विक्री थांबवली. इतकं मी समजू शकले असते. पण पुढं त्यांनी जे केलं ते या जगात फक्त जुना वाचनालयवालाच करू शकतो. त्यांच्या वाचनालयाचा नियम होता की एखाद्या पुस्तकाबद्दल तक्रार आली की ते आधी घरी आणायचं, खाकी कागदाचं कव्हर घालून स्वतःच्या कपाटात ठेवायचं, स्वतः वाचायचं आणि मग ठरवायचं. त्यांनी सरळ 'परत मागवा' दाबलं. ज्यांनी ज्यांनी पुस्तक घेतलं होतं त्या सगळ्यांच्या फोनमधून, टॅबमधून ते निघून आलं. पाटलांच्या मुलानंसुद्धा एवढं मागितलं नव्हतं.

सकाळी मला कळलं तेव्हा मी फार बोलले. विकलेलं पुस्तक आपलं नसतं, लोकांच्या कपाटात हात घातलात तुम्ही, असं काय काय. काका म्हणाले, चोरलंय का, वाचून झालं की देणारच आहे. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी रागानं फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, भाईंनी तो गुपचूप परत जागेवर ठेवला.

पुढं मला समजलं की मोठमोठी दुकानंही अशी पुस्तकं उचलून नेतात, वाचणाऱ्याला न विचारता, आणि कारण विचारलं तर यंत्राचं उत्तर येतं. आमच्याकडं यंत्राचं उत्तर नव्हतं, मी होते. दिवसभर मी लोकांना सांगत होते की पुस्तक येईल, थोडं थांबा. बरेचजण चिडले. काहींना पुस्तक गेलेलं कळलंच नव्हतं. संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी स्वच्छ, शब्द मोजून वापरणारा. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं पुस्तक नाय दिसत." मी नेहमीचं सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि दुकानाचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्या हर्सूलहून रिक्षानं आल्या. साठीच्या आतबाहेरच्या, सुती साडी, जाड काचेचा चष्मा. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. साखरेनं डोळे अधू झाले म्हणून नोकरी मुदतीआधी सोडलेली. छापील अक्षर आता दिसत नाही, टॅबवर अक्षर बोटाएवढं मोठं करून वाचते, म्हणून ई-पुस्तक, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगितलं. मग काकांकडं वळून विचारलं, पुस्तक का काढलं.

काका म्हणाले, तक्रार आलीय. कुणाची, हे त्यांनी विचारलं. ते सांगता येत नाही, असं काका म्हणाले.

"नका सांगू. माझा भाऊ आला असंल," बाई म्हणाल्या. "त्यातले पाटील माझे वडील."

भाईंनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. काका चष्मा पुसायला लागले, अडचणीत सापडले की ते नेहमी तेच करत. मग त्यांनी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं की विहिरीचं जे लिहिलंय ते तुम्ही वाचलं नाहीत तर बरं, उगाच त्रास होईल.

"त्याच्यासाठीच घेतलं होतं मी पुस्तक," बाई म्हणाल्या. "रोज थोडं थोडं वाचत त्या पानाच्या तोंडाशी आले होते. धीर नाय झाला. म्हटलं उद्या वाचू. सकाळी बघते तर पुस्तक नाय. काका, त्रास माझा, बाप माझा, आणि पुस्तकबी माझं. तुम्ही मधी कोण?"

मी आदल्या दिवशी घसा फोडून जे सांगत होते ते या बाईंनी एका दमात सांगून टाकलं होतं. काकांच्या चेहऱ्यावरून ते आत गेल्याचं मला दिसलं. काकांनी सारवासारव केली नाही. त्यांच्या जागी मी असते तर दहा कारणं दिली असती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चुकलं माझं. मी अजून वाचनालयातच बसलोय." आणि भाईंना सांगितलं, सगळ्यांची पुस्तकं आत्ताच्या आत्ता ज्याच्या त्याच्या घरी पोचती करा.

भाई म्हणाले, पुस्तकं जातील, पण लोकांनी मारलेल्या खुणा, रेघा परत बसतील का सांगता येत नाही. काका म्हणाले, बसवा. भाईंनी दुपारचं जेवण सोडून त्या बसवल्या. बाईंचा टॅब त्यांनी आधी घेतला. पुस्तक उघडलं ते बरोबर त्यांनी सोडलेल्या पानावर, बोटाएवढ्या अक्षरात. बाईंनी ते तिथं वाचलं नाही. टॅब पिशवीत ठेवला आणि घरी गेल्या.

त्यानंतर भाईंनी विचारलं, "काका, वो बटन का क्या करूं?"

"काढून टाका," काका म्हणाले.

"दोनों?"

"हौ. दोन्ही. पुन्हा मी म्हटलं तरी बसवू नका."

मग काकांनी फोन जवळ ओढला. पुस्तक घेतलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी स्वतः फोन केला. तुमच्या घरातलं पुस्तक मी न विचारता उचललं होतं, परत ठेवलंय, यापुढं असं होणार नाही, असं ते प्रत्येकाला सांगत होते. मी म्हटलं, एक मेसेज टाकू की सगळ्यांना. ते म्हणाले, उचलताना मेसेज टाकला होता का? हे काम कित्येक दिवस चाललं. एका गृहस्थानं सांगितलं की मी ते अजून उघडलंच नाही, गेलं काय न् आलं काय. तेव्हा माफी मागणं बाजूला ठेवून काकांनी त्याला न वाचल्याबद्दल चांगलंच झापलं. मला त्या दिवसांत काकांचा इतका अभिमान वाटायचा की मी घरी जाऊन सगळ्यांना तेच तेच सांगायची.

मधल्या काळात त्यांनी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा विक्रीला लावलं. खाली दोन ओळी टाकल्या, की विहिरीच्या प्रकरणातला मजकूर संबंधित घरच्या लोकांना मान्य नाही, त्यांनी आपली बाजू लिहून दिली तर तीही इथं मिळेल. त्या दोन ओळींसाठी त्यांनी माझ्याकडून चार खर्डे करून घेतले. कुणाचाच अपमान व्हायला नको होता.

पाटलांचा मुलगा दुसऱ्यांदा आला तो चपला घालूनच आत आला. या खेपेला त्यानं पाणी मागितलं नाही. बंद केलेलं पुस्तक पुन्हा कुणाच्या सांगण्यावरून चालू केलं, असं तो विचारत होता. काका म्हणाले, माझ्या. तुमची बाजू लिहा, अक्षर न अक्षर छापतो, त्या पुस्तकाला लागून ठेवतो. त्याला ते नको होतं. लिहायला त्याच्याजवळ वेळ नव्हता आणि लिहिण्यासारखं काही होतं का, हेही त्याला नक्की ठाऊक नसावं. मग तो म्हणाला, बरं, ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांची नावं तरी द्या, मी एकेकाला भेटून समजावतो.

"ती नाय मिळणार," काका म्हणाले. "कोण काय वाचतं हे मी माझ्या बायकोलाबी कधी सांगितलं नाय."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. पहिलं नाव तुमच्या घरातलंच आहे, एवढं म्हटलं असतं की तो माणूस तिथंच थंड झाला असता आणि आमच्या मागची ब्याद टळली असती. काकांनाही ते कळत होतं. पण त्यांनी माझ्याकडं एकदाच असं पाहिलं की मी ओठ आवळून बसले. तो टेबलावर थाप मारून म्हणाला, उद्यापासनं काय होईल त्याला मी जबाबदार नाय, आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायला लागलो. भाईंच्या बायकोनं त्यांना आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितली, ते रोज तिला हो म्हणून कामावर येत राहिले. काका रोजच्या वेळेला शटर उघडायचे, उदबत्ती लावायचे आणि दारासमोरची खुर्ची स्वतः घ्यायचे. आधी त्या खुर्चीवर मी बसायची. मला त्यांनी आत बसवलं.

असे काही दिवस गेले आणि बाई पुन्हा आल्या. आल्या तशा खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं, ते त्या सगळं प्यायल्या. काकांनी विचारलं नाही की वाचलं का. एरवी वाचून झालं का म्हणून गावभर फोन करणारा माणूस त्या दिवशी गप्प बसून राहिला.

बाईंनी पिशवीतून फोन काढला आणि आमच्यासमोरच भावाला लावला.

"पुस्तक वाचलं मी," त्या म्हणाल्या. "व्हय, विकत घेऊन. खरंय ते." मग बराच वेळ पलीकडून बोलणं आलं. त्या ऐकत होत्या, अनेक वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्याच्या सवयीनं, मधे न पडता. त्याचं संपल्यावर म्हणाल्या, "पाणी होतं, ते आपल्या इहिरीला. बाकीच्या आटल्या होत्या. तू पाळण्यात होता रे, तुला काय माहीत. मी सातवीत होते. त्या दुकानावर आता कुणी जायचं नाय." आणि त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं संपलं. भाई चहा सांगायला उठले.

"एक चूक आहे पण त्यात," बाई म्हणाल्या.

पुस्तकात चूक म्हटल्यावर काका सावरून बसले. लेखकाला कळवू, म्हणाले, काय आहे सांगा.

"कुलूप लिहिलंय त्यानं. कुलूप नव्हतं, फाटकच नव्हतं तर कुलूप कुठलं. बोराट्या टाकल्या होत्या, बोरीच्या काटेरी फांद्या. वस्तीकडून जी वाट यायची ना, ती सगळी बोराट्यांनी बुजवली होती. बायका रिकामे हंडे घेऊन पलीकडं उभ्या राहायच्या."

एवढ्या वर्षांनी कुलूप होतं का काटे होते हे पक्कं कसं आठवतं, असं मी विचारलं. तपासणारीची खोड, दुसरं काय.

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या अधू डोळ्यांना मी दिसत नव्हते, पण त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"बापानं सांगितलं आणि मी ओढून आणल्या," त्या म्हणाल्या. "मळ्यातनं. हात रक्तानं भरले होते माझे. त्याला म्हणावं तसं लिही. पाटलानं टाकल्या म्हणून लिही, आणि आणल्या कुणी तेबी लिही, माझ्या नावासकट."

काकांनी लेखकाचा नंबर लावला. आधी त्याला विचारलं की त्या घरच्या एक बाई इथं बसल्यात, त्यांच्याशी बोलाल का. पाटलांची मुलगी का, असं त्यानं विचारलं. मग तो हो म्हणाला, आणि काकांनी फोन त्यांच्या हातात दिला.